ध्वनिचित्रफितीवरील टाइमकोड : मुद्रण, संपादन व जतन
(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील क्षेत्रीय मुद्रणांच्या संदर्भात)

सारांश

ध्वनिचित्रफितीवरील प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद व फ्रेम या चार घटकांचा क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेस टाइमकोड म्हणतात. क्षेत्रीय अभ्यासात मुद्रित झालेल्या सामग्रीचा संदर्भ देण्याचे हे मुख्य साधन होय. मुद्रणाच्या वेळी टाइमकोड चुकीचा लागला अथवा मध्येच तुटला, तर फीत सुस्थितीत असूनही लिप्यंतर व मूळ मुद्रण यांचा संबंध तुटतो. प्रस्तुत लेखात टाइमकोडचे स्वरूप, तो लावण्याच्या पद्धती, संपादनातील त्याचे कार्य आणि जुन्या फितींचे अंकीकरण करताना घ्यावयाची काळजी यांचे विवेचन केले आहे. झाडीपट्टीतील रात्रभर चालणारी नाटके व माडिया-गोंडी मौखिक परंपरेची मुद्रणे ही त्यासाठी उदाहरणे म्हणून घेतली आहेत.

१. प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतरच्या दोन दशकांत व्हिडिओ कॅमेरा सामान्य संस्थांच्या आवाक्यात आला. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाची स्थापना होईपर्यंत या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. त्या काळात मराठी, समाजशास्त्र, इतिहास, प्राणिशास्त्र अशा निरनिराळ्या विषयांच्या अभ्यासकांनी हाती मिळेल त्या कॅमेऱ्याने मुद्रणे केली. कोणी दंडार व खडीगंमत टिपली, कोणी ग्रामसभेची बैठक, कोणी वृद्धांच्या तोंडची कहाणी. कॅमेरा कधी विभागाचा असे, कधी लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या व्यावसायिकाकडून भाड्याने आणलेला असे. या फितींपैकी कित्येक आजही विभागांच्या लोखंडी कपाटांत आहेत.

या मुद्रणांविषयी बोलताना चित्राची स्पष्टता आणि फितीला लागणारी बुरशी यांची चर्चा होते. टाइमकोडची चर्चा क्वचितच होते. त्याचे महत्त्व प्रस्तुत लेखकास स्वतःच्या चुकीतून कळले. २००३ च्या हिवाळ्यात भामरागड तालुक्यात एका वृद्ध माडिया कथनकाराचे मुद्रण केले होते. लिप्यंतरकाराने वहीत प्रत्येक उताऱ्यासमोर वेळ नोंदविली होती. पुढे एका शब्दाच्या अर्थाविषयी शंका उपस्थित झाली, तेव्हा वहीत ‘००:१४:२०’ एवढीच नोंद आढळली. फितीवर मात्र हा क्रमांक तीन ठिकाणी होता. दिवसभरात दोनदा टाइमकोड शून्यावर गेला होता आणि मुद्रण करणाऱ्याच्या, म्हणजे प्रस्तुत लेखकाच्या, ते लक्षातही आले नव्हते. कथनकार तोपर्यंत हयात नव्हते. फीत शाबूत होती, वही शाबूत होती. दोहोंना जोडणारा पत्ता तेवढा हरवला होता.

ग्रंथाचा संदर्भ देताना आपण पृष्ठक्रमांक देतो. पृष्ठक्रमांक नसलेला किंवा एकच क्रमांक तीनदा छापलेला ग्रंथ कोणी प्रमाण मानणार नाही. मुद्रित फितीलाही हाच न्याय लावावयास हवा, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. टाइमकोडचे स्वरूप

चित्रपटाच्या फिल्मवर प्रत्येक फ्रेम डोळ्यांनी दिसते आणि तिच्या कडेला क्रमांकही छापलेले असतात. चुंबकीय फितीवर डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्यामुळे व्हिडिओ फितीचा वापर सुरू झाल्यानंतर नेमकी फ्रेम शोधणे ही मोठी अडचण होती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्यावर उपाय म्हणून फितीवरच क्रमांक नोंदविण्याची पद्धत विकसित झाली. पुढे अमेरिकेतील चित्रपट व दूरदर्शन अभियंत्यांच्या संघटनेने आणि युरोपीय प्रसारण संघाने तिचे प्रमाणीकरण केले.

टाइमकोड चार जोड्यांत लिहिला जातो. उदाहरणार्थ, ०१:१४:२०:०८ म्हणजे १ तास, १४ मिनिटे, २० सेकंद व ८ वी फ्रेम. भारतात पाल पद्धती स्वीकारली गेल्यामुळे एका सेकंदात २५ फ्रेम असतात. म्हणून शेवटची जोडी ०० पासून २४ पर्यंत जाते आणि २५ व्या फ्रेमला सेकंद एकाने वाढतो. गणना चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे चालते. २३:५९:५९:२४ नंतर पुन्हा ००:००:००:०० येते. या शेवटच्या वैशिष्ट्याचा संबंध झाडीपट्टीच्या नाटकाशी कसा येतो, ते पुढे पाहू.

अमेरिका, जपान इत्यादी देशांतील एनटीएससी पद्धतीत सेकंदाला ३० ऐवजी सुमारे २९.९७ फ्रेम असतात. क्रमांक ३० च्या हिशेबाने मोजले, तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. तो भरून काढण्यासाठी ‘ड्रॉप-फ्रेम’ पद्धतीत दर मिनिटाच्या आरंभी दोन क्रमांक गाळले जातात, मात्र प्रत्येक दहाव्या मिनिटाला गाळले जात नाहीत. अशा रीतीने तासाला १०८ क्रमांक गळतात. फ्रेम मात्र एकही गळत नाही. पाल पद्धतीत ही भानगड नाही. तथापि संगणकावरील अनेक संपादन प्रणालींत आरंभीची निवड एनटीएससी असते. ती न बदलता आपल्या फितीवरून नोंदी केल्यास सर्व क्रमांक चुकतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी २५ फ्रेम ही निवड तपासणे आवश्यक आहे.

फितीवर टाइमकोड नोंदविण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिलीत फितीच्या लांबीच्या दिशेने, ध्वनीच्या पट्ट्यासारख्या स्वतंत्र पट्ट्यावर क्रमांक नोंदविला जातो. यात प्रत्येक फ्रेमसाठी ८० बिट असतात, म्हणजे पाल पद्धतीत सेकंदाला २,००० बिट. त्यांपैकी ३२ बिट वापरकर्त्यास स्वतःच्या नोंदीसाठी मोकळे असतात. फीत वेगाने फिरत असताना हा क्रमांक वाचता येतो, पण फीत थांबली की वाचता येत नाही. दुसऱ्या पद्धतीत चित्राच्या दोन क्षेत्रांमधील अदृश्य रेषांमध्ये क्रमांक नोंदविला जातो. तो स्थिर चित्रावरही वाचता येतो, मात्र फार वेगाने फिरणाऱ्या फितीवर वाचता येत नाही. व्यावसायिक बीटाकॅम यंत्रांत दोन्ही पद्धती एकत्र वापरल्या जात, त्या याच कारणाने.

३. फितींचे प्रकार आणि त्यांवरील टाइमकोड

आपल्या विभागांत आढळणाऱ्या फितींचे टाइमकोडच्या दृष्टीने ढोबळमानाने तीन वर्ग करता येतील.

पहिला वर्ग व्हीएचएसचा. साध्या व्हीएचएस फितीवर टाइमकोड नसतो. यंत्रावर दिसणारी वेळ ही फितीच्या कडेवरील नियंत्रण-स्पंदने मोजून काढलेली असते. कॅसेट कोठूनही सुरू केली, तरी गणक शून्यापासून मोजू लागतो. शिवाय फीत पुढेमागे करताना काही स्पंदने निसटतात आणि गणना घसरते. त्यामुळे व्हीएचएसच्या गणकावरून केलेली नोंद दुसऱ्या यंत्रावर, कित्येकदा त्याच यंत्रावरही, जुळत नाही.

दुसरा वर्ग यू-मॅटिक व बीटाकॅम या व्यावसायिक फितींचा. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झाला. त्यासाठी पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी स्थापन झालेल्या शैक्षणिक माध्यम केंद्रांत अशा प्रकारच्या यंत्रांवर काम होत असे. जिल्ह्यातील महाविद्यालयांत ही यंत्रे दुर्मीळच होती.

तिसरा व आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वर्ग डीव्ही फितींचा. १९९५ नंतर आलेल्या या अंकीय पद्धतीत पाल चित्राची प्रत्येक फ्रेम १२ तिरप्या पट्ट्यांत नोंदविली जाते. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला सहायक माहितीसाठी जागा असते. टाइमकोड तेथेच नोंदविला जातो. त्याखेरीज कॅमेऱ्यातील घड्याळ लावलेले असल्यास मुद्रणाची तारीख व वेळही प्रत्येक फ्रेमसोबत स्वतंत्रपणे नोंदली जाते. ही दुसरी नोंद पडद्यावर सहसा दिसत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. टाइमकोड बिघडल्यास तीच उपयोगी पडते.

४. मुद्रणाच्या वेळी टाइमकोड लावणे

४.१ दोन पद्धती : घरगुती हँडीकॅममध्ये टाइमकोडविषयी निवडीस वाव नसे. अर्धव्यावसायिक कॅमेऱ्यांत मात्र, उदाहरणार्थ २००० च्या सुमारास आलेल्या सोनी पीडी-१५० मध्ये, दोन गोष्टी ठरवाव्या लागत. क्रमांक कोठून सुरू करावयाचा ही पहिली आणि तो केव्हा पुढे सरकावा ही दुसरी. ‘प्रीसेट’ निवडल्यास आपण दिलेल्या क्रमांकापासून गणना सुरू होते. ‘रीजनरेट’ निवडल्यास कॅमेरा फितीवरील आधीचा क्रमांक वाचून त्यापुढे मोजू लागतो. ‘रेक-रन’ मध्ये मुद्रण चालू असतानाच क्रमांक पुढे सरकतो. ‘फ्री-रन’ मध्ये मुद्रण थांबले, तरी क्रमांक घड्याळासारखा चालत राहतो.

सामान्य क्षेत्रीय मुद्रणासाठी रेक-रन ही पद्धत योग्य होय. तीत संपूर्ण कॅसेटवर एकच अखंड, चढती गणना मिळते. प्रत्यक्ष घड्याळाची वेळ हाच अभ्यासाचा भाग असेल, तेथे फ्री-रन उपयुक्त ठरते. ताडोब्यातील पाणवठ्यावर प्राणी किती वाजता आले याची नोंद करणाऱ्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासकास तीच सोयीची. दोन कॅमेऱ्यांनी एकच प्रसंग टिपावयाचा असेल, तरीही दोन्ही घड्याळे एकाच क्षणी लावून फ्री-रन वापरावे लागते. मात्र दोन स्वतंत्र घड्याळे फार काळ जुळून राहत नाहीत. दशलक्षात १० भाग एवढा फरक असला, तरी तासाभरात जवळजवळ एका फ्रेमचे अंतर पडते. म्हणून आरंभी, मध्यंतरी व शेवटी दोन्ही कॅमेऱ्यांसमोर एक स्पष्ट टाळी वाजवून ठेवावी.

४.२ टाइमकोड तुटण्याची कारणे : हँडीकॅम मुद्रण सुरू करताना त्या जागी फितीवर पूर्वीचा क्रमांक आहे काय हे पाहतो. असल्यास त्यापुढे मोजतो, नसल्यास शून्यापासून सुरुवात करतो. तुटीचे कारण बहुधा येथेच असते. मुद्रण थांबते, गावकऱ्यांना ‘कसे आले ते पाहू द्या’ म्हणून फीत मागे घेऊन दाखविली जाते, चित्र संपून पडदा कोरा झाल्यावर ती थांबविली जाते आणि तेथूनच पुढचे मुद्रण सुरू होते. मध्ये दोन सेकंद कोरी फीत राहिली एवढ्यानेच क्रमांक शून्यावर जातो. कॅसेट बाहेर काढून पुन्हा घातल्यावरही हाच प्रकार घडतो.

यावर उपाय सोपे आहेत. प्रत्येक मुद्रणाच्या शेवटी आठ-दहा सेकंद अधिक चालू द्यावे. फीत मागे घेऊन पाहिली असेल, तर चित्र संपण्यापूर्वीच, त्या अधिकच्या भागात, थांबावे. ‘एंड सर्च’ कळ असल्यास तिचा उपयोग करावा. मात्र स्मृतिचिप नसलेली कॅसेट एकदा बाहेर काढली की ही कळ बहुधा काम करीत नाही. एकाच कॅसेटवर एसपी व एलपी या दोन गती मिसळू नयेत, कारण गती बदलल्याच्या जागी टाइमकोड नीट नोंदला जात नाही. मुद्रण सुरू करण्यापूर्वी पडद्यावरील क्रमांक मोठ्याने वाचून वहीत लिहावा. ही शेवटची सवय लावून घेतली, तर तूट त्याच क्षणी लक्षात येते.

कोऱ्या कॅसेटवर लेन्सचे झाकण लावून आधी संपूर्ण काळे मुद्रण करून घ्यावे, म्हणजे सर्व फितीवर अखंड टाइमकोड उमटतो, असाही एक परिपाठ होता. तो परिणामकारक आहे, पण त्यात प्रत्येक कॅसेटमागे एक तास जातो आणि कॅमेऱ्याच्या हेडची झीज वाढते. वरील काळजी घेतल्यास त्याची गरज भासत नाही. ज्या ठिकाणी वारंवार फीत काढावी-घालावी लागणार असेल, तेथे मात्र तो अवलंबावा.

४.३ कॅसेटचा क्रमांक : अनेक कॅसेट असतील, तेव्हा तासाच्या जोडीत कॅसेटचा क्रमांक घालण्याची पद्धत उपयुक्त आहे. पहिली कॅसेट ०१:००:००:०० पासून, दुसरी ०२:००:००:०० पासून, याप्रमाणे. क्रमांक पाहताच कॅसेट कोणती ते कळते. पण ६० मिनिटांच्या डीव्ही कॅसेटमध्ये फीत बहुधा दोन-तीन मिनिटे अधिक असते. त्यामुळे पहिल्या कॅसेटचा शेवट ०२:०२ च्या आसपास जाऊन दुसऱ्या कॅसेटच्या आरंभाशी एकरूप होतो. म्हणून टाइमकोडसोबत कॅसेटचा क्रमांक वेगळा लिहिणे टाळता येत नाही. वापरकर्त्यासाठी मोकळ्या असलेल्या ३२ बिटांत आठ अंक मावतात. दिनांक, महिना, वर्ष व कॅसेट क्रमांक त्यांत भरता येतात. हँडीकॅममध्ये प्रीसेटची सोय नसल्याने सर्व कॅसेट शून्यापासूनच सुरू होतात. तेथे ‘कॅसेट ३, ००:२२:१०’ असा जोडपत्ताच दिला पाहिजे.

४.४ रात्रभराचे नाटक : झाडीपट्टीच्या रंगभूमीचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज म्हणजे वडसा येथे आहे. दिवाळीनंतर मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी होणारी तिची नाटके रात्री सुरू होतात आणि पहाटेपर्यंत चालतात. या रंगभूमीवरील कार्यासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. जुन्या नाट्यप्रयोगांच्या मुद्रणांना त्यामुळे आज अधिकच मोल आले आहे.

असा प्रयोग फ्री-रन पद्धतीने, घड्याळाच्या वेळेनुसार टिपल्यास मध्यरात्री टाइमकोड २३:५९:५९:२४ वरून एकदम ००:००:००:०० वर येतो. एकाच कॅसेटच्या मध्यभागी हे घडते. संपादन यंत्र क्रमांक चढता आहे असे गृहीत धरून फीत शोधते. साडेबाराचा प्रवेश साडेअकराच्या आधी असावा असे मानून ते फीत उलट दिशेने फिरवू लागते. यावर साधा उपाय असा की रात्री दहा वाजता घड्याळात २२ ऐवजी १० लावावे. मग मध्यरात्री १२:००:००:००, एक वाजता १३ आणि पहाटे पाच वाजता १७ येतात. गणना रात्रभर चढती राहते आणि बारा वजा-अधिक केले की खरी वेळ कळते. ही नोंद कॅसेटच्या वेष्टनावर स्पष्ट लिहावी, अन्यथा वीस वर्षांनी पाहणारा अभ्यासक नाटक सकाळी दहाला सुरू झाले असे समजेल.

विजेच्या प्रश्नाचाही विचार करावा लागे. २००० नंतरच्या दशकात २,३४० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्र चंद्रपूरजवळ असतानाही परिसरातील गावांना भारनियमन सोसावे लागे. बॅटरी बदलताना कॅसेट हलवू नये आणि बदलल्यावर क्रमांक पूर्वीच्या पुढचाच आहे याची खात्री करावी, हा नियम तेव्हा प्रत्येक प्रयोगास लागू होता. बॅटरी पूर्ण उतरून कॅमेऱ्यातील घड्याळ शून्यावर आले असेल, तर तारीख व वेळ लगेच पुन्हा लावणे हेही तितकेच आवश्यक होते.

५. संपादनातील टाइमकोड

फितीवरून फितीवर संपादन करताना दोन यंत्रे व त्यांना चालविणारा नियंत्रक असे. नियंत्रक दोन्ही फिती ठरलेल्या जागेच्या सुमारे पाच सेकंद मागे नेऊन एकदम पुढे सोडतो. गती स्थिर झाल्यावर नेमक्या फ्रेमला मुद्रण सुरू होते. या पाच सेकंदांत टाइमकोड अखंड नसेल, तर यंत्र थांबते किंवा चुकीच्या जागी जोड देते. म्हणूनच मुद्रण करताना प्रसंग सुरू होण्यापूर्वी आठ-दहा सेकंद आधी कॅमेरा चालू करावा असा दंडक होता. फ्री-रनमध्ये प्रत्येक दृश्याच्या आरंभी क्रमांक उडी मारतो, तेथे तर तो अपरिहार्यच ठरतो.

जोड देण्याच्या दोन रीती आहेत. ‘असेम्बल’ मध्ये चित्र, ध्वनी, नियंत्रण-स्पंदने व टाइमकोड हे सर्व नव्याने उमटते. पुढची फीत कोरी असली तरी चालते, पण प्रत्येक जोडाच्या शेवटी सर्व काही तुटते. ‘इन्सर्ट’ मध्ये फक्त चित्र किंवा फक्त ध्वनी बदलता येतो आणि मूळ टाइमकोडला धक्का लागत नाही. त्यासाठी फितीवर आधीच अखंड काळे चित्र व टाइमकोड उमटवून ठेवावे लागते. व्यावसायिक संपादनात दुसरी रीती प्रमाण मानली जाई.

अंतिम प्रतीवर कार्यक्रम शून्यापासून सुरू करीत नाहीत. युरोपीय प्रथेनुसार तो १०:००:००:०० ला सुरू होतो. त्याआधीच्या दोन मिनिटांत, म्हणजे ०९:५८:००:०० पासून, रंगपट्ट्या, ध्वनीचा सूर व शीर्षकाची पाटी असते. कार्यक्रम शून्याला सुरू केला, तर पाच सेकंद मागे जाताना क्रमांक २३:५९:५५ होतो आणि यंत्र गोंधळते. मध्यरात्रीच्या नाटकाची अडचण येथे वेगळ्या रूपात पुन्हा भेटते.

संपादित प्रतीचा टाइमकोड हा मूळ फितीचा टाइमकोड नव्हे, ही बाब अभ्यासकांनी विशेष ध्यानात ठेवावी. माहितीपटातील १०:०७:१२ ला ऐकू येणारे वाक्य मूळ कॅसेटवर कोठे आहे, हे केवळ संपादनाच्या यादीवरून कळते. त्या यादीत कॅसेटचे नाव, मूळ आरंभ व शेवट आणि अंतिम प्रतीवरील आरंभ व शेवट असतो. माहितीपट पूर्ण झाल्यावर ही यादी टाकून दिली जाते असा सार्वत्रिक अनुभव आहे. वस्तुतः संशोधनाच्या दृष्टीने ती माहितीपटाइतकीच मोलाची आहे.

६. लिप्यंतर व संदर्भ

लिप्यंतरकारास मूळ कॅसेट वारंवार पुढेमागे करावयास देऊ नये, तिची झीज होते. त्याऐवजी चित्रावरच टाइमकोडचे आकडे उमटविलेली व्हीएचएस प्रत देण्याची पद्धत होती. साध्या व्हीसीआरवर, घरच्या दूरदर्शन संचावर पाहूनही आकडे वाचता येत. भाषा जाणणारी व्यक्ती गावातच राहत असेल, तर ही सोय फार उपयोगी पडे. आज तेच काम आकडे उमटविलेल्या छोट्या व्हिडिओ फाइलने होऊ शकते.

पुण्यात हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने झालेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचा येथे आदर्श म्हणून उल्लेख करता येईल. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या संग्रहातील ध्वनिमुद्रित ओव्यांच्या नोंदीत टेपचा संकेतांक व आरंभाची वेळ दिलेली आढळते. त्यामुळे छापील ओळीवरून गाणाऱ्या बाईच्या आवाजापर्यंत पोहोचता येते. माडिया व गोंडी सामग्रीच्या बाबतीत ही गरज अधिकच आहे. देवनागरीत लिहून घेतलेल्या शब्दाचा खरा उच्चार काय होता, याचा निर्णय अखेरीस मुद्रणावरच होतो.

७. तुटलेल्या टाइमकोडची पुनर्बांधणी

फितींचे अंकीकरण आता लांबणीवर टाकता येत नाही. जपानमधील फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबविले. युनेस्कोने २०१९ मध्ये ध्वनि-दृक्-श्राव्य संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सहकार्याने चुंबकीय फितींविषयी धोक्याची सूचना देणारा उपक्रम हाती घेतला. २०२५ च्या सुमारास चालू यंत्रे व सुटे भाग मिळणे कठीण होईल, असे संग्रहतज्ज्ञ तेव्हापासून सांगत आले आहेत. चंद्रपूरचा कडक उन्हाळा व पावसाळ्यातील दमट हवा लक्षात घेता आपल्या कपाटांतील फितींचे आयुष्य त्याहून अधिक धरणे धाडसाचे होईल.

डीव्ही फीत फायरवायर जोडणीने संगणकावर घेतल्यास फितीवरील अंकीय प्रवाह जसाच्या तसा उतरतो. तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमचा मूळ टाइमकोड व मुद्रणाची तारीख-वेळ कायम राहते. तीच फीत दूरदर्शन संचाच्या साध्या तारेने घेतली किंवा फाइलचे लगेच लहान एमपी-४ मध्ये रूपांतर करून मूळ फाइल पुसून टाकली, तर ही माहिती नाहीशी होते. बाहेरच्या दुकानातून काम करून घेताना नेमके असेच घडते. त्यामुळे काय हवे ते आधी लेखी सांगावे.

टाइमकोड तुटलेली फीत दुरुस्त करण्यासाठी मूळ कॅसेटवर काहीही नव्याने मुद्रित करू नये. अनेक संगणक प्रणाली तुटीच्या जागी थांबतात किंवा नवी फाइल सुरू करतात. त्यानुसार संपूर्ण फीत उतरवून घ्यावी आणि प्रत्येक अखंड भागास खंडक्रमांक द्यावा. मग मूळ टाइमकोड व एकत्रित फाइलमधील वेळ यांचा मेळ घालणारा तक्ता करावा. एका कॅसेटचे उदाहरण घेऊ. पहिला खंड ००:००:००:०० ते ००:१७:३२:१० असा आहे. दुसरा पुन्हा शून्यापासून ००:१९:५०:२० पर्यंत आणि तिसरा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. कोरे भाग वगळून खंड सलग ठेवले, तर फाइलमध्ये दुसरा खंड ००:१७:३२:११ ला आणि तिसरा ००:३७:२३:०७ ला सुरू होतो. आता ००:१४:२०:०० या एकाच मूळ क्रमांकाचे फाइलमध्ये तीन पत्ते होतात : पहिल्या खंडात ००:१४:२०:००, दुसऱ्यात ००:३१:५२:११ आणि तिसऱ्यात ००:५१:४३:०७. बेरीज करताना २५ फ्रेमला एक सेकंद धरावयाचा, एवढे लक्षात ठेवले की पुरे. जुन्या वहीतील क्रमांक खोडू नयेत. त्यांच्यासमोर खंडक्रमांक व नवी वेळ लिहावी.

जुनी नोंद कोणत्या खंडातील, हा प्रश्न तरीही उरतो. येथे फितीवरील तारीख-वेळेची दुसरी नोंद साहाय्यास येते. प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या माडिया मुद्रणात कॅमेऱ्याचे घड्याळ सुदैवाने बरोबर लावलेले होते. तीन खंडांची मुद्रणवेळ अनुक्रमे सकाळ, दुपार व संध्याकाळ अशी निघाली. लिप्यंतराच्या वहीत त्या पानावर ‘दिवा लावल्यानंतर’ असे दोन शब्द लिहिलेले होते. त्यावरून तिसरा खंड निश्चित झाला आणि शब्दाचा उच्चार पुन्हा ऐकता आला. मात्र हे यश पद्धतीचे नव्हे, योगायोगाचे होते. घड्याळ लावलेले नसते किंवा लिप्यंतरकाराने ते दोन शब्द लिहिले नसते, तर तो उतारा संदर्भहीन राहिला असता.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) टाइमकोड हा मुद्रित सामग्रीचा पत्ता आहे. तो एका कॅसेटपुरता अखंड, चढता व एकमेव असला पाहिजे, आणि त्यासोबत कॅसेटचा क्रमांक नेहमी दिला पाहिजे.

२) सामान्य क्षेत्रीय मुद्रणासाठी रेक-रन योग्य होय. घड्याळाची वेळ अभ्यासाचा भाग असेल किंवा दोन कॅमेरे असतील, तेव्हा फ्री-रन वापरावे. रात्रभराच्या प्रयोगात मध्यरात्रीची उडी टाळण्यासाठी बारा तासांचा फरक ठेवावा व तो लिहून ठेवावा.

३) कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावणे ही टाइमकोडइतकीच महत्त्वाची बाब आहे. स्मृतिकार्डावर मुद्रण करणाऱ्या आजच्या कॅमेऱ्यांना व मोबाइल संचांनाही हे तत्त्व तितकेच लागू पडते.

४) अंकीकरण करताना मूळ अंकीय प्रवाह राखून ठेवावा. कॅसेट, खंड, मूळ टाइमकोड व फाइलमधील वेळ असा तक्ता प्रत्येक कॅसेटसोबत जतन करावा.

५) महाविद्यालयांच्या विभागांनी आपल्या फितींची यादी करताना त्यासोबतच्या वह्या, लिप्यंतरे व संपादनाच्या याद्याही शोधून काढाव्यात. त्या वेगळ्या कपाटात असतात आणि जागेसाठी निकाली काढल्या जातात.

ज्यांनी या फितींवर आपले बोलणे, गाणे व नाटक दिले, त्यांच्यापैकी अनेकजण आज हयात नाहीत. त्यांचे शब्द पुन्हा विचारून घेता येणार नाहीत. ते फितीवर आहेत, आणि ते फितीवर नेमके कोठे आहेत हे सांगता येणे, ही मुद्रण करणाऱ्या अभ्यासकाची जबाबदारी आहे.